कीड कोणती, ते आधी सांगा

आमच्याकडं दुकानात गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "काय देऊ?" दुसरा विचारतात, "रोख का उधार?" त्यापुढचा तिसरा प्रश्न साठ वर्षांत मला कोणी विचारल्याचं आठवत नाही. तो पहिल्यांदा विचारला सातासमुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं, आणि तेही मासे धरायच्या गळाच्या दुकानात. त्याची ही गोष्ट. कोणी गोष्ट म्हणून वाचली तरी चालेल, पण मी ती भांडण म्हणून लिहितोय.

मी उजनीच्या काठचा शेतकरी. दहावीच्या दुसऱ्या बॅचचा, म्हणजे १९७६ चा. पुढं शिकलो नाही, कारण त्याच सुमाराला गाव उठायला लागलं. १९८० साली धरण पुरं झालं तवा आमचं जुनं गाव, मारुतीचं देऊळ, नदीकाठची मळई, सगळं पाण्याखाली होतं. त्याआधीची भीमा मी पाहिलेली आहे. बांबूची काठी, तंगूस, ज्वारीच्या धाटाचा तुकडा बुचाला आणि उकिरड्यातली गांडुळं, एवढ्यावर मी पोरवयात मरळ, वाम, शिंगटा धरलेला आहे. गळ टाकून बसणं हे आमच्यात रिकामटेकड्याचं लक्षण मानतात. बाप म्हणायचा, "गळाला मासा लागतो अन् माणसाला आळस." तरी तो नाद सुटला नाही. धरण झाल्यावर कटला, रोहू आले, मग चिलापी आली आणि बाकीच्यांना मागं सारून बसली. मी बसतच राहिलो.

२०२२ च्या जूनमध्ये लेकीकडं अमेरिकेला गेलो. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. तिथं आपली माणसं इतकी आहेत की दुकानात थालीपिठाची भाजणी मिळते. पहिले पंधरा दिवस नातवाला सांभाळण्यात गेले, मग मला घर खायला उठलं. जावयाच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, "मामा, मासे धरायला जायचं का? पण इथं जरा वेगळं असतं."

शनिवारी पहाटे निघालो. अडीच तासांवर न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत, तिथं रॉस्को म्हणून गाव आहे. गाव आपल्या एखाद्या वाडीएवढंच. बीव्हरकिल आणि विलोविमॉक अशा दोन नद्या तिथं मिळतात. त्या संगमावर देऊळ नाही की घाट नाही, पण लोक तिथं भक्तिभावानंच येतात असं मला वाटलं. सगळे ट्राउट माशासाठी येतात. आणि धरतात ते गांडुळानं नाही, तर गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीनं. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात.

दुकानात शिरायच्या आधी दाराशी एक काळा फळा दिसला, आपल्या शाळेतल्यासारखा. त्यावर खडूनं लिहिलेलं जावयानं वाचून दाखवलं. नदीला पाणी किती वाहतंय, सकाळी पाण्याचं तापमान किती होतं, दुपारी किती जाईल, सध्या कोणती कीड पाण्यातून वर येतेय, कोणत्या वेळेला येतेय, आणि त्यासाठी कोणती माशी बांधावी. त्या दिवसाची तारीख होती. म्हणजे दुकानदार सकाळी उठून आधी नदीवर जाऊन आला होता आणि मग त्यानं दुकान उघडलं होतं.

मी फळ्यापुढं उभा राहिलो तो हलेना. जावई म्हणाला, "चला की आत." मी म्हटलं, "थांब जरा." आमच्याकडं कॅनॉलचं आवर्तन कधी सुटणार हे कळायला आम्ही दहा ठिकाणी फोन लावतो आणि दहा उत्तरं येतात. आणि इथं मासे धरायची हौस असणाऱ्या माणसासाठी नदीचा रोजचा हिशेब दारावर लावलाय.

आत एक सत्तरीचा माणूस, चष्मा नाकावर, पुढ्यात एक लहान शेगडा, त्यात गळ धरलेला आणि त्याला तो कोंबड्याचं पीस गुंडाळत होता. जावई हौशी. त्याला मला एक चांगली काठी घेऊन द्यायची होती. भिंतीवरच्या काठ्यांवर चिठ्ठ्या होत्या, तीनशे डॉलर, पाचशे डॉलर, आठशे. मी मनात रुपये करून पाहिले आणि भिंतीपासून एक पाऊल मागं सरलो.

म्हाताऱ्यानं विचारलं, "हे किती दिवस आहेत इथं?" जावयानं सांगितलं, अजून तीन आठवडे. तो म्हणाला, "मग काठी घेऊ नका. दिवसाच्या भाड्यावर माझ्याकडे आहे, ती न्या." पुढं म्हणाला, "आणि बीव्हरकिलवरही जाऊ नका. दुपारी पाणी अडुसष्ट डिग्रीच्या वर जाईल. मासा दमलेला असतो, गळाला लागून सोडला तरी मरतो." अडुसष्ट म्हणजे त्यांची फॅरनहाइट, आपली वीस. मग त्यानं नकाशा काढला आणि आम्हाला दुसऱ्या नदीवर पाठवलं, डाउन्सव्हिलच्या धरणाखाली. तिथं धरणाच्या तळातून पाणी सुटतं, ते भर उन्हाळ्यातही गार असतं.

धरण म्हटल्यावर मी कान टवकारले. त्या धरणाच्या जलाशयाचं नाव पेपॅक्टन. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क शहराला प्यायला पाणी म्हणून ते बांधलं आणि चार गावं त्याखाली गेली. जावयामार्फत मी सांगितलं, माझंही गाव असंच पाण्याखाली आहे. म्हाताऱ्यानं हातातलं पीस खाली ठेवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यानं सांगितलं की शहरवाले लागेल तसं पाणी सोडायचे आणि बंद करायचे, खाली नदी कधी कोरडी तर कधी गरम. गळवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा कुठं १९७६ साली राज्यानं कायदा करून धरणातून खाली पाणी सोडण्यावर आपला ताबा आणला. १९७६, म्हणजे मी दहावीच्या पेपरला बसलो ते साल. मासे धरणाऱ्या रिकामटेकड्यांनी नदीसाठी कायदा करायला लावला, हे माझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडं येतो.

मी जावयाला म्हटलं, "विचार त्याला, सगळ्यात चांगली माशी कोणती? ती दे म्हणावं." आपली सवयच तशी. म्हाताऱ्यानं उलट मला विचारलं, "कीड कोणती पाहिलीत तुम्ही पाण्यावर?"

मी काय पाहणार? मी तर आत्ताच मोटारीतून उतरलो होतो. त्यानं खणातून काचेच्या लहान लहान कुप्या काढल्या. एकीत पाण्यातल्या दगडाखाली राहणारी अळी, दुसरीत नुकती पंख फुटलेली माशी, तिसरीत अंडी घालून मेलेली. तिन्ही एकच कीड, मेफ्लाय. तो सांगत होता आणि जावई मराठी करत होता. ही कीड बहुधा वर्षभर पाण्यात दगडाखाली राहते. मग एका संध्याकाळी वर येते, कात टाकते, उडते, परत एकदा कात टाकते, अंडी घालते आणि दिवसा-दोन दिवसांत मरते. उडती झाल्यावर ती काही खातसुद्धा नाही. माशाचं तोंड त्या घडीला किडीच्या ज्या रूपावर असेल, त्याच रूपाची माशी बांधायची. दुसरी कितीही महागाची बांधा, मासा तिच्याकडं बघणार नाही. तिथं त्या दिवसांत सल्फर नावाची फिकट पिवळी मेफ्लाय संध्याकाळी वर येत होती. मला हसू आलं. आमच्याकडं सल्फर म्हणजे द्राक्षावरच्या भुरीला मारायचं गंधक.

शेवटी त्यानं आम्हाला सहा माश्या दिल्या. सोळा आणि अठरा नंबरच्या. आकडा जेवढा मोठा तेवढा गळ बारीक, हेही त्यानंच सांगितलं. एकेक माशी तीन डॉलरच्या आत. गळाचा उलटा काटा त्यानं पकडीनं दाबून सपाट करून दिला, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. माझा एक दिवसाचा परवाना तिथंच फाडला. भाडं, परवाना आणि सहा माश्या. पाचशे डॉलरची काठी खपवायची संधी समोर उभी होती, ती त्यानं हातानं घालवली आणि पाऊण तास आमच्याशी बोलत बसला.

मोटारीत बसल्यावर मी गप्प झालो. जावयाला वाटलं, मला दुकान आवडलं नाही. त्याला काय सांगणार? मला आमचं दुकान आठवत होतं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ऑगस्टात माझा दोन एकर ऊस पिवळा पडायला लागला. शेंडे वाळायला लागले. मी चार पानं तोडून पिशवीत घातली आणि तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव घेत नाही. नाव घेऊन उपयोगही नाही, कारण ते एक दुकान नाही, तशी रांग आहे. गर्दी होती. मालकानं पिशवीतली पानं बाहेरसुद्धा काढली नाहीत. वरूनच बघितलं आणि पोऱ्याला तीन नावं सांगितली. एक किडीचं, एक बुरशीचं आणि एक टॉनिक. "तिन्ही एकातच मिसळून मारा दादा, चार दिवसांत हिरवागार होतोय." बिल एकोणतीसशे. उधारीवर, उसाच्या बिलाला द्यायचं.

ऊस डोक्याच्या वर गेलेला. आत वारा नाही, नुसती वाफ. आमच्या सालगड्यानं पाठीवर पंप घेतला आणि सरीत शिरला. तोंडाला फडकं, पायात काही नाही. औषध मी माझ्या हातानं कालवलं होतं. तासाभरात तो सरीतच बसला. बाहेर ओढून आणला तवा तोंडाला फेस, डोळे वेगळेच झालेले. पाच दिवस दवाखान्यात होता. वाचला. पण त्याचा उजवा हात अजून थरथरतो. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरतो. माझ्या घरी आला की मी त्याच्या हाताकडं बघत नाही, एवढंच मला जमतं.

आणि पुढचं ऐका. तो दवाखान्यात असतानाच शेजारच्या रानातला एक म्हातारा आला. त्यानं पिवळ्या उसाचा एक बुडखा धरला आणि ओढला. बुडखा अलगद वर आला, गाजर उपटावं तसा. खाली मुळ्याच नव्हत्या. माती उकरली तर पांढऱ्या, वाकड्या, बोटाएवढ्या अळ्या. हुमणी. कीड मुळात होती आणि आम्ही पानावर विष मारत होतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. फरक एवढाच की पखालीला औषध पाजताना आमचा एक माणूस जाता जाता राहिला.

दुकानदारानं एकच प्रश्न विचारला असता, "बुडखा उपटून बघितला का?" तर ते एकोणतीसशे रुपये आणि तो हात, दोन्ही वाचलं असतं.

मेफ्लायच्या त्या तीन कुप्या बघताना मला हुमणीच दिसत होती. दोघींचा जन्म सारखाच. हुमणीही वर्षातला बहुतेक काळ लपून काढते, ती पाण्याऐवजी मातीत. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून वर येतात, निंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात, जोडी करतात आणि मातीत जाऊन अंडी घालतात. मग पावसाळाभर अळी मुळ्या खाते. ती अळी मोठी झाल्यावर तिला मारणं कठीण. पण ते भुंगेरे झाडावर असतात ते थोडे दिवस तुमच्या हातात असतात. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. दिव्याचा सापळा लावायचा. जमिनीत मेटारायझियम नावाची मित्रबुरशी घालायची. सारा गाव एकाच वेळी हे करील तर पुढचं निम्मं काम होतं. विद्यापीठं आणि कृषी खातं हेच सांगतं. पण हा सल्ला कुठल्या डब्यात भरता येत नाही, त्याला किंमत छापता येत नाही, म्हणून तो दुकानात मिळत नाही.

म्हणजे बघा, तिथला माणूस कीड ओळखतो, कारण त्याला मासा फसवायचा आहे. हौस आहे ती. नाही लागला मासा तर घरी जाऊन भाकरी खाईल. आणि इथं ज्याला कीड मारायची आहे, ज्याच्यावर घराचं पोट आहे, त्याला विष विकणारा माणूस कीड ओळखत नाही, ओळखायची त्याला गरज वाटत नाही. गळाला पीस बांधणाऱ्याला जेवढी जबाबदारी वाटते, तेवढी विषाची बाटली हातात देणाऱ्याला वाटू नये?

हे मी एकट्याचं रडगाणं गात नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा पेपरात महिनाभर आलं. चौकशा झाल्या, हातमोजे वाटले, मुखवटे वाटले. मग विसरलं. विषाच्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा त्रिकोण कायद्यानंच छापलेला असतो. तुमच्या गावात दहा शेतकऱ्यांना विचारा, लाल आणि हिरव्यात फरक काय. आणि मग विकणाऱ्याला विचारा, त्यानं तो कितीजणांना सांगितला.

आता उलट बाजूचं बोलणंही ऐकून घेतो, कारण ते मला तोंडावर ऐकवलेलं आहे.

पहिलं म्हणणं, "दादा, अमेरिकेचं सांगू नका. ती श्रीमंतांची हौस." खरं आहे. आठशे डॉलरच्या काठीनं वीतभर मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हे मला अजून पटलेलं नाही. त्या संध्याकाळी मला एक ट्राउट लागला. सोनेरी अंग, त्यावर लाल-काळे ठिपके. ओल्या हातानं धरून सोडला तेव्हा मला आई आठवली. ती म्हणाली असती, "खायचा नाही तर त्या मुक्या जिवाला छळलं कशाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि तो ठिपक्यांचा ट्राउट तरी तिथला कुठं? त्याची अंडी १८८३ साली जर्मनीहून आणून तिकडं सोडली. आमची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली तशीच. त्यांच्या नद्यांचं सगळं पवित्र आहे, असं मला म्हणायचं नाही. मी फक्त दुकानाबद्दल बोलतोय. आणि काउंटरच्या अलीकडं उभ्या असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. श्रीमंती लागत नाही.

दुसरं म्हणणं, "दुकानदारानं पोट कशावर भरायचं? कंपन्या त्याला उद्दिष्ट देतात, माल खपला तर सहलीला नेतात." हेही खरं आहे. तो काही राक्षस नाही. आमच्या दुकानदारानं माझ्या लेकीच्या लग्नात मांडवात उभं राहून वाढलेलं आहे. पण त्या रॉस्कोच्या म्हाताऱ्यालाही पोट आहेच. त्यानं काठी विकली नाही, पण मी पुढच्या दोन शनिवारी परत त्याच्याच दुकानात गेलो, लांबची वाट तुडवून. जावई तर आता दुसरीकडून काही घेत नाही. खरा सल्ला दिला म्हणून दुकान बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्या भागात वॉल्ट आणि विनी डेट्टी नावाचं एक नवराबायकोचं जोडपं होऊन गेलं, १९२० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी माश्या बांधून विकायचा धंदा सुरू केला. एका जाणत्या कारागिराकडं शिकायला गेले तर त्यानं शिकवायला नकार दिला. मग त्यांनी त्याच्याच माश्या विकत आणल्या आणि दोरा दोरा उसवून बघितला की कशा बांधल्यात. तसं शिकले. धंदा करायचा म्हणून आधी ज्ञान मिळवलं, तेही असं उसवून. आमच्याकडं परवान्यासाठी शिक्षणाची अट सरकारनं घातली. दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. चांगली गोष्ट आहे, आणि तो मन लावून करणारे दुकानदारही आहेत. पण भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरला बाटल्या देणारा पोऱ्या दुसराच, असं असेल तर त्या प्रमाणपत्रानं माझा ऊस ओळखायचा कसा?

तिसरं म्हणणं सगळ्यात अवघड. "शेतकऱ्यालाच जहाल पाहिजे असतं. साधं दिलं तर तो शेजारच्या दुकानात जातो." हे मात्र माझ्याच अंगावर येतं. मीच नव्हतो का दुकानात म्हटलो, सगळ्यात चांगली माशी कोणती ती दे? ऊस पिवळा पडल्यावर मीच कुठं वाकून बुडखा उपटला? साठीला आलेला शेतकरी, लहानपणापासून माती हाताळलेली, आणि मी पानं तोडून दुकानात गेलो. विचारायचं सोडून दिलं होतं मी. का? कारण उधारी. वहीवर आधीचे अठरा हजार असले की प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही. रोखीचं गिऱ्हाईक विचारतं, उधारीचं गिऱ्हाईक पिशवी पुढं करतं. दुकानदार तिथं दुकानदार राहत नाही, तो सावकार होतो, आणि सावकारानं दिलेलं विष कोण परत करील? शेतकऱ्याच्या अज्ञानावर भाषणं देणाऱ्यांनी आधी ही वही बघावी.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. बिलावर औषधाच्या नावाशेजारी किडीचं नाव लिहा. कुठल्या किडीसाठी, कुठल्या अवस्थेसाठी हे दिलं, ते तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली सही करा. नाव माहीत नसेल तर औषध देऊ नका, "बुडखा उपटून आणा" म्हणा. आणि दाराशी एक फळा लावा. या आठवड्यात शिवारात काय आलंय, कुठल्या अवस्थेत आहे, वारा कसा आहे, आज मारू नये. पाटी आणि खडू, शंभर-दीडशे रुपयांचं काम.

परत आल्यावर मी हे आमच्या दुकानदाराला जाऊन सांगितलं. चहा पाजला त्यानं. सगळं ऐकून घेतलं. मग हसत म्हणाला, "दादा, आज मारू नका असं फळ्यावर लिहिलं, तर मग बाटली घेणार कोण?"

तो प्रामाणिकपणे बोलला, म्हणून मला राग आला नाही. पण त्याचं ते वाक्य मी इथं छापतोय. ज्यांच्या घरात पाठीवरचा पंप आहे, त्यांनी ते वाचावं आणि पुढच्या वेळी पिशवी पुढं करायच्या आधी आठवावं.

फळा शेवटी आम्हीच लावला, दूध संस्थेच्या भिंतीवर. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव कॅन घेऊन तिथं येतं. लिहायचं काम सालगड्याच्या पोरीकडं दिलंय, ती बारावीला आहे, अक्षर चांगलं आहे. पहिल्या वर्षी लोक हसले. "मास्तर झाला का आता?" म्हणाले. दुसऱ्या वर्षी मेअखेरीला वळीव कोसळला, त्या संध्याकाळी तिनं लिहिलं,

"पाऊस झाला. आज दिवस मावळल्यावर ओढ्याकाठच्या निंबावर भुंगेरे येतील. बॅटरी आणि बादली घेऊन या. रॉकेल नसेल तर डिझेल चालेल."

सतरा जण आले. त्यात तिचा बाप होता. फांदी हलवायचं काम त्यानं केलं, डाव्या हातानं.